फौजेच्या मोबदल्यात ठाणे

६ मार्च १७७५ रोजी सुरतेस एक तह झाला. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई सरकार, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या गादीवरून दूर झालेला रघुनाथराव पेशवा. कंपनीने तोफखान्यासह अडीच हजार माणूस द्यायचे, रघुनाथरावाने त्यांच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये भरायचे, तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर कंपनीकडे ठेवायचे आणि याखेरीज वसई व साष्टी कायमची तोडून द्यायची. साष्टीचे मुख्य ठाणे म्हणजे आपले ठाणे शहर आणि त्याचा खाडीकाठचा किल्ला. पेशवाईतल्या यादवीत एका पक्षाला सैन्य हवे होते आणि त्या सैन्याच्या मोबदल्यात हे शहर लिहून दिले गेले. हा धरून सात वर्षांत चार तह झाले. प्रत्येक तहाच्या मसुद्यात ठाण्याचा प्रश्न होता, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर कुणाकडे किती फौज उभी आहे यावरून ठरले.

त्याआधी फक्त अडतीस वर्षे मागे जाऊ. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाणे घेतले. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला तेव्हा पुरताही झालेला नव्हता. ही मोहीम चिमाजी अप्पांची. पण तिची मुळे याच मुलखातली. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षे पुण्याला खेटे घालत होते. खाडीतल्या वाटा, भरती-ओहोटीच्या वेळा, पोर्तुगीज चौक्यांतली माणसे ही सगळी माहिती त्यांनी पुरवली. घाटावरून फौज उतरली तरी तिला पाण्यापलीकडे नेणारे इथले कोळी होते, आणि तिची रसद कल्याणच्या सुभ्यातून जात होती. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा हा मुलूख आपण जिंकून घेतला, असे म्हणण्याचा हक्क ठाणे-कल्याणच्या लोकांना होता. १७७४ साली जे घडले ते मनाला लागते ते यामुळेच. एका पिढीने माणसे गोळा करून शहर मिळवले, आणि पुढच्या पिढीच्या घरभांडणात तेच शहर माणसे मिळवण्यासाठी खर्ची पडले.

भांडणाची सुरुवात सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला मारले. ते गारदी पगार थकला म्हणून आले होते, असे निमित्त होते. म्हणजे पैशाने बांधलेले सैन्य दरबाराच्या आतपर्यंत पोहोचलेले होते. रघुनाथराव पेशवा झाला, पण रामशास्त्र्यांनी त्याला दोषी ठरवले, आणि सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदींचे बारभाई मंडळ उभे राहिले. नारायणरावाची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन ठेवले. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगावास पेशव्यांच्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. त्रिंबकराव पेठे जबर जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले आणि पुढे त्यातच गेले. रघुनाथरावाची, म्हणजे राघोबाची, जीत झाली, पण ती टिकली नाही. १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. गादीला वारस मिळाला तसे राघोबाच्या छावणीतले सरदार एकेक करून पांगू लागले. शिलेदार नालबंदी, म्हणजे घोड्यामागची आगाऊ रक्कम, घेऊन येतो. पुढची नालबंदी कोण देणार हे त्याला आधी कळते. राघोबाने माळव्याचा रस्ता धरला, गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवले आणि तो गुजरातेत शिरला. नाव पेशव्याचे, पण लढायला माणूस नाही, अशा अवस्थेत त्याने सुरतेच्या इंग्रज कोठीकडे सैन्य मागितले.

मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी या संधीची वाटच पाहत होता. मुंबई तेव्हा समुद्रातले एक अरुंद बेट होते. तांदूळ, जळण, गवत आणि मांस बाहेरून यायचे, आणि ते ज्या साष्टीतून यायचे ती मराठ्यांची होती. ठाण्याचा किल्ला ज्याच्या हाती त्याच्या हाती खाडी, आणि खाडीतून कल्याणच्या बंदरापर्यंतचा सगळा व्यापार. इंग्रजांनी फौजेच्या बदल्यात साष्टी व वसई मागितली. इथे राघोबाच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे: पहिल्या मागणीला त्याने साफ नकार दिला. दुसरा मुलूख देतो, पैसा देतो, पण साष्टी-वसई नाही, असे त्याचे म्हणणे होते. चिमाजी अप्पांचा हा पुतण्या होता; वसई कशी आली हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग हॉर्नबीने दुसरी वाट धरली. ठाण्याच्या किल्लेदाराला पैसे देऊन किल्ला घेण्याचे बोलणे चालू झाले. ते बोलणे पुण्याने मोडले, कारण नाना फडणीसांना सुगावा लागताच ठाण्याच्या शिबंदीत पाचशे माणसांची भर पडली. लाचेने किल्ला मिळेना तेव्हा हत्याराने घ्यायचे ठरले. घाई करायला आणखी एक कारण होते: गमावलेली वसई-साष्टी परत घ्यायला पोर्तुगीजांचे आरमार निघाल्याची खबर होती. १२ डिसेंबर १७७४ रोजी ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट गॉर्डन याच्या हाताखाली सहाशे वीस गोरे शिपाई, एक हजार देशी शिपाई आणि तोफांवरचे दोनशे लास्कर ठाण्याकडे निघाले. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगीज जहाजे मुंबईच्या तोंडाशी येऊन ठेपली आणि त्यांनी निषेध नोंदवला. त्याचा उपयोग झाला नाही.

ते एक हजार देशी शिपाई कोण होते, याकडे आपल्या इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही. कंपनीने मुंबईत शिपायांच्या नियमित पलटणी १७६८ साली बांधल्या. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण त्याच सालची. या पलटणींत कोकणातले मराठे, महार, भंडारी, मुसलमान, बेने इस्राएल असे सगळे होते, आणि त्यांच्याबरोबर अरब व उत्तरेकडचे लोकही. पगार ठरलेल्या तारखेला मिळे, गणवेश मिळे, जातीमुळे घाटावर ज्यांना हत्यार मिळणे अवघड झाले होते त्यांना इथे बंदूक मिळे. ठाण्याच्या तटाच्या आत मराठी बोलणारी शिबंदी होती, आणि तटाबाहेर मोर्चे खणणाऱ्यांतही मराठी बोलणारे थोडे नसावेत. राघोबा आणि बारभाईंची यादवी कासेगावच्या माळावर झाली तशीच ती ठाण्याच्या खंदकावरही झाली.

२० डिसेंबरला तोफा सुरू झाल्या. किल्ल्याची एक बाजू खाडीला लागून, बाकीच्या बाजूंना खंदक. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी आरमाराचा प्रमुख कमोडोर जॉन वॉटसन जखमी झाला. तोफेचा गोळा त्याला लागला नाही. तो शेजारच्या वाळूत आदळला आणि उडालेले वाळूचे कण वॉटसनच्या अंगात घुसले. त्या जखमांनीच तो मेला. २७ तारखेला इंग्रजांनी खंदक बुजवण्याचा प्रयत्न केला तेव्हा शिबंदीने तो उधळून लावला आणि शंभर गोरे शिपाई पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हल्ला झाला आणि किल्ला पडला. आदल्या दिवसाच्या नुकसानीने चवताळलेल्या फौजेने आतल्या शिबंदीतले बहुतेक लोक कापून काढले. शरण आलेल्यांना अभय देण्याचा रिवाज त्या काळीही होता. ठाण्यात तो पाळला गेला नाही. त्याच दिवसांत वेसावे आणि उरणकडचे करंजा बेटही इंग्रजांनी घेतले. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. शेजारून हजारो माणसे स्टेशनकडे जातात. पण १७७४ च्या डिसेंबरात आत मारल्या गेलेल्या शिबंदीचे नाव सांगणारा एक दगडही शहरात असायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

किल्ला गेल्यावर राघोबाच्या नकाराला अर्थ उरला नाही. जे आधीच गेले होते त्यावर त्याने सुरतेस सही केली. कर्नल कीटिंगची फौज त्याच्या मदतीला गुजरातेत आली, १८ मे १७७५ रोजी अडासला हरिपंत फडक्यांशी घनघोर लढाई झाली, दोन्हीकडे माणसे पडली आणि निकाल काही लागला नाही. इतक्यात कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने मुंबईकरांचा हा सौदा बेकायदा ठरवला. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला: राघोबाने दरमहा पंचवीस हजार घेऊन कोपरगावी राहावे, कंपनीने त्याला सोडावे. पण साष्टी? ती ठेवायची, की तिच्याऐवजी तीन लाख उत्पन्नाचा दुसरा मुलूख घ्यायचा, हे कंपनीने ठरवावे. कंपनीने साष्टीच ठेवली. सैन्य मागे गेले, सैन्याची किंमत मात्र परत आली नाही.

पुण्याला त्या वर्षी या किंमतीकडे बघायला उसंतही नव्हती. पानिपतात नाहीसे झालेले सदाशिवराव भाऊ आपणच, असे म्हणणारा तोतया रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, आणि काही महिन्यांत कोकणातले किल्ले त्याच्या स्वाधीन होत गेले. हजारोंनी माणसे त्याच्यामागे लागली आणि फौज बोरघाटापर्यंत आली. ती मोडायला शिंद्यांना यावे लागले. तोतयाला रघोजी आंग्र्यांनी पकडले आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याचा शेवट झाला. खरा पेशवा दोन वर्षांचा, दुसरा इंग्रजांच्या आश्रयाला, तिसरा खोटा. अशा वेळी कोकणातला गडकरी किंवा हशम ज्याची वर्दी आधी येईल त्याच्याकडे गेला, तर त्याला फितूर म्हणण्याची घाई मी करणार नाही.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबई सरकारने राघोबाला पुण्याला नेऊन बसवण्यासाठी पुन्हा फौज काढली. सुमारे एकोणचाळीसशे लढाऊ माणसे आणि सामानाला एकोणीस हजार बैल. फौज पनवेलला उतरली आणि बोरघाट चढली. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल चालायला तिला अकरा दिवस लागले. एवढे बैल, त्यांची वैरण, पाणी, आणि आजूबाजूला मराठ्यांनी जाळून रिकामा केलेला मुलूख; सैन्य हलणार कसे? ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला, ज्याला मराठ्यांनीच इष्टुर फाकडा म्हटले. तळेगावला जड तोफा तळ्यात ढकलून आणि सामान जाळून इंग्रज रात्रीतून मागे फिरले, ते वडगावला अडकले. तिथल्या करारात १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत द्यायचे त्यांनी कबूल केले. म्हणजे ठाणे परत आले. कागदावर. मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तो करार झिडकारला, आणि जानेवारीत मिळालेले शहर त्याच सालात पुन्हा हातचे गेले. महादजी शिंदे आणि नाना फडणीसांच्या हाती ती फौज पुरती सापडली होती. त्यांनी साष्टीतल्या ठाण्यावर प्रत्यक्ष निशाण चढेपर्यंत तिला अडकवून ठेवायला हवे होते. तेवढी एक गोष्ट राहून गेली, आणि तिची भरपाई पुढे कधी झाली नाही.

आता कल्याणकडे. ठाणे गेल्यापासून खाडीच्या अलीकडे इंग्रज आणि पलीकडे पेशव्यांचा कल्याण सुभा, अशी परिस्थिती होती. मधली डोंबिवलीसारखी गावे भातखाचरांची. कल्याण हे तटबंदीचे शहर, मोगलांच्या काळात पुरे झालेले. एका टोकाला खाडीवर शिवरायांचा दुर्गाडी, आत सुभेदारांची कचेरी. रामजी महादेव बिवलकर सरसुभेदार असताना उत्तर कोकणचा कारभार इथून चाले. इथून मुरबाडमार्गे नाणेघाटाने जुन्नरला आणि दक्षिणेकडे बोरघाटाने पुण्याला वाटा जात. घाटावरची फौज कोकणात उतरली की तिचे दाणागोटा, दारूगोळा आणि पगार यांचा बंदोबस्त कल्याणाहून व्हायचा. मुंबईची रसद तोडायची असली तरी सोय इथूनच.

१७८० च्या उन्हाळ्यात नाना फडणीसांनी नेमके तेच केले. घाटाखाली चौक्या बसवून मुंबईकडे जाणारे धान्य अडवले. हॉर्नबीने मे महिन्यात कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेलला पाठवून कल्याण घेतले. नानांना हे अतिशय लागले. त्यांनी मोठी फौज उतरवली. मराठ्यांनी निरोप धाडला की शहर सोडा, नाहीतर आमच्या हातातले इंग्रज कैदी जिवानिशी जातील. कॅम्पबेलचे उत्तर असे गेले की घेता येत असेल तर नानांनी शहर खुशाल घ्यावे. तटावरून काही दिवस झुंज चालली. २४ मेच्या रात्री मराठे निर्वाणीचा हल्ला चढवणार होते, आणि त्याच रात्री कर्नल हार्टले ताज्या पलटणी घेऊन पोहोचला. छावणीवर अचानक छापा पडला; वाटेवर कित्येक मैलांपर्यंत पाठलाग झाला आणि पुष्कळ माणसे मारली गेली. मृग तोंडावर आला होता. पाऊस लागला की भातखाचरांच्या चिखलात घोडदळ कामाचे राहत नाही, म्हणून मराठी फौजांचा रिवाज पावसाळ्यात घरी जाण्याचा आणि दसऱ्याला शिलंगण करून निघण्याचा. पगारी पलटणीला घरी जायचे नसते. या युद्धात कोकण का गेले, याचे एक मोठे कारण मला या चार महिन्यांत दिसते.

त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, इंग्रजांनी कल्याणच्या दक्षिणेचा मलंगगड गाठला. खालची माची हाती आली. वरचा बालेकिल्ला काही येईना. मलंगगड पाहिला असेल त्याला कारण सांगायला नको: शेवटचा टप्पा उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा, तिथे एका वेळी एकच माणूस चढणार आणि वरचा माणूस दगड ढकलूनही त्याला थोपवणार. हाजी मलंगच्या दर्ग्याच्या वर, ढगांत, मूठभर गडकरी आठवड्यामागून आठवडे टिकून राहिले. घाटावरून आलेल्या मराठी फौजेने खालच्या इंग्रजांनाच वेढले, आणि त्यांना सोडवायला ऑक्टोबरात पुन्हा हार्टलेलाच यावे लागले.

नोव्हेंबरात जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला. वेढ्याला पाठीमागून धक्का लागू नये आणि कोकणातले भात कापून हाती यावे, हे काम हार्टलेकडे होते. युद्ध कशाकशावर चालते हे इथे दिसते: दिवाळीनंतरचे भात घाटाखाली कुणाच्या कोठारात जाणार, यावर पुढच्या वर्षी कोण लढणार हे ठरत होते. ११ डिसेंबरला वसई पडली. दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या उत्तरेला दुगाडजवळ रामचंद्र गणेश यांनी वीसेक हजारांची फौज घेऊन हार्टलेवर चाल केली. हार्टलेची माणसे दोन हजारांच्या आसपास. रात्री त्याने एका टेकडीवर आडोसा बांधून दोन तोफा चढवल्या होत्या. पहाटे दाट धुके होते. त्या धुक्याच्या आधाराने रामचंद्र गणेश स्वतः पुढे होऊन टेकडीकडे सरकले आणि सूर्य वर येताच धुके एकदम उठले. उघड्या माळावर, तोफांच्या तोंडासमोर ते आणि त्यांचे लोक उभे होते. ते तिथेच पडले. फौज मागे फिरली. आदल्याच दिवशी वसई गेल्याची बातमी त्यांना मिळाली असती तर ही लढाई झालीही नसती.

१७८१ च्या एप्रिलात मराठ्यांनी याचे उट्टे काढले. गॉडर्ड बोरघाटाखाली खोपोलीला अडकून पडला. हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी पनवेलपर्यंतच्या त्याच्या रसदेवर असे घाव घातले की परत फिरताना त्याची साडेचारशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. उरलेल्या फौजेने पावसाळ्याची छावणी कल्याणात टाकली. दोन वर्षांत एका शहराने मराठ्यांची फौज पोसली, इंग्रजांची पोसली, वेढा सोसला आणि पुन्हा छावणी सोसली. तिथल्या वाण्याला, कुणब्याला, खाडीतल्या मचव्यावाल्याला दोन्ही बाजूंनी वेठ होतीच.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. राघोबाला दरमहा पंचवीस हजार आणि कोपरगाव. वसई आणि कल्याण पेशव्यांना परत. साष्टी मात्र कंपनीला कायमची. राघोबा डिसेंबर १७८३ मध्ये वारला. त्याच्यासाठी जमवलेल्या फौजा केव्हाच दुसऱ्या युद्धांवर गेल्या होत्या. पुढची पस्तीस वर्षे खाडी ही दोन राज्यांची सीमा राहिली: ठाण्याला कंपनीचा बावटा, कल्याणात पेशव्यांचा अंमल. नातीगोती, शेती आणि देवदर्शन मात्र दोन्ही काठांवर.

कल्याणची पाळी यायची होती. ठाण्याचा किल्ला पडल्यावर तेरा दिवसांनी, १० जानेवारी १७७५ रोजी, धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंना मुलगा झाला होता. तोच दुसरा बाजीराव. होळकरांकडून हरून १८०२ च्या अखेरीस तो वसईला इंग्रजांकडे आला, आणि बापाने मागितले तेच त्याने मागितले: सैन्य. सहा हजारांची तैनाती फौज मिळाली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख गेला. जून १८१७ मध्ये पुण्याच्या तहात आणखी पाच हजार स्वार आणि तीन हजार पायदळ यांच्या खर्चासाठी चौतीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला, आणि त्या यादीत कल्याणसह उत्तर कोकण होते.